हंगाम बदलला की सगळ्या टेस्ट लाल होतात: नियमांच्या सॉफ्टवेअरमधला दर वर्षीचा त्रास आणि त्यावरचा उपाय

१ ऑक्टोबर आला की कापसाचा नवा हंगाम सुरू होतो, नवा हमीभाव लागू होतो आणि आमच्या सॉफ्टवेअरच्या टेस्ट धडाधड लाल व्हायला लागतात. टेस्ट म्हणजे ठरावीक माहिती देऊन सॉफ्टवेअर अपेक्षित उत्तर देतं का हे तपासणारा छोटा प्रोग्राम: उत्तर जुळलं की हिरवी, नाही जुळलं की लाल. सलग तीन हंगाम हेच झालं. नियम तेच, गणित तेच, फक्त भाव बदलला, तरी टेस्ट लाल. मग दोन-तीन दिवस बसून जुने आकडे पुसायचे, नवे भरायचे. तिसऱ्या वर्षी याच घाईत एक खरी चूक सुटली आणि ती शेतकऱ्यापर्यंत पोचली. त्यानंतर सगळं उलगडून पुन्हा बांधलं. व्याजाचं, विम्याचं, अनुदानाचं, पगाराचं, कुठलंही नियमांवर चालणारं सॉफ्टवेअर सांभाळत असाल तर हा त्रास तुम्हालाही असणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आमचं काम काय ते सांगतो. मी जळगावात बसून एका शेतकरी उत्पादक कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सभासद मोबाईलवर कापसाचा प्रकार, ओलावा आणि वजन टाकतो. सॉफ्टवेअर सांगतं की हमीभावाने दिला तर किती बसतील आणि खेडा खरेदीवाल्याने, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने, सांगितलेल्या भावात किती. हमीभावाचं मूळ गणित साधं आहे. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावात १ टक्का कपात आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतलाच जात नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२३-२४ ला क्विंटलला ७,०२० रुपये होता, २०२४-२५ ला ७,५२१ झाला, २०२५-२६ ला ८,११०. मध्यम धाग्याचा याच तीन वर्षांत ६,६२०, ७,१२१ आणि ७,७१०. हे नियम आम्ही ड्रूल्समध्ये (नियम चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सेलच्या निर्णय-तक्त्यात ठेवलेत, म्हणजे प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही ते वाचता येतात.

आता चूक कशी झाली ते सांगतो.

त्या वर्षी तक्त्यात नवा भाव टाकला. टाकताना ओलाव्याच्या शेवटच्या ओळीत हात लागला आणि ‘१२ किंवा कमी’च्या जागी ‘१२ पेक्षा कमी’ झालं. दोनशेच्या वर टेस्ट होत्या आणि त्या सगळ्यांमध्ये अपेक्षित उत्तर म्हणून रुपयांतली रक्कम लिहिलेली. भाव बदलल्यामुळे त्या सगळ्याच लाल. दोनशे लाल टेस्टमधली एक वेगळ्या कारणाने लाल आहे हे कुणाला दिसणार? आम्ही काय केलं, सॉफ्टवेअरने दिलेली नवी उत्तरं उचलली आणि अपेक्षित रकान्यात चिकटवली. सगळं हिरवं झालं. त्या चिकटवण्यात १२ टक्क्यांच्या केसपुढे ‘माल घेता येणार नाही’ हे चुकीचं उत्तरही अपेक्षित म्हणून जाऊन बसलं. म्हणजे चूक पकडायला ठेवलेली टेस्टच चुकीची राखण करायला लागली.

दहा-बारा दिवसांनी पारोळ्याकडच्या एका सभासदाचा फोन आला. मीटर बरोबर १२ दाखवत होतं आणि आमचं ॲप ‘नाही’ म्हणत होतं. त्या भरवशावर त्याने अर्धी गाडी खेडा खरेदीत देऊन टाकली होती. त्याचं किती नुकसान झालं हे मला माहीत आहे, कारण ते गणित मीच त्याला फोनवर करून सांगितलं. तेव्हापासून ‘टेस्ट हिरवी आहे’ या शब्दांवर मी सहजी विश्वास ठेवत नाही.

तुमच्याकडेही हाच रोग आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे. नियम न बदलता फक्त दर बदलून बघा. पन्नासच्या वर टेस्ट लाल झाल्या तर तुमच्या टेस्ट दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळतायत.

उपायाचं मूळ एवढंच: केसचे (केस म्हणजे दिलेली माहिती आणि तिचं अपेक्षित उत्तर, अशी एक ओळ) तीन गठ्ठे करायचे आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत.

पहिला गठ्ठा नियमाचा. यात रुपये नसतातच. ओलावा ७.९, ८.०, ८.१, ११.९, १२.० आणि १२.१, आणि अपेक्षित उत्तर म्हणजे निर्णय (घेता येईल की नाही) आणि कपातीचा टक्का. ११ टक्के ओलाव्याला ३ टक्के कपात हे २०२३ ला खरं होतं आणि आजही आहे. हमीभाव दुप्पट झाला तरी या फाईलला हात लावायची गरज नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त केस याच गठ्ठ्यात आहेत. हा गठ्ठा १ ऑक्टोबरला लाल झाला तर नियमात नक्की गडबड आहे. आमची वरची चूक यात एका क्षणात दिसली असती: एकच ओळ लाल, १२.० ची.

यासाठी नियमही तसा फोडावा लागतो. आधी आमच्या तक्त्याची एकच ओळ ओलावा बघून थेट रक्कम काढायची. आता एक तक्ता फक्त कपातीचा टक्का काढतो, दुसरा तारखेवरून भाव काढतो आणि गुणाकार तिसऱ्या जागी होतो. टेस्ट नीट लिहिता येत नसेल तर बहुतेक वेळा नियमच एकात एक गुंतलेला असतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरा गठ्ठा दराचा, आणि तो अगदी लहान. तारीख आणि धाग्याचा प्रकार दिला की भाव काय, एवढंच. ३० सप्टेंबर २०२५ ला लांब धागा ७,५२१ आणि १ ऑक्टोबर २०२५ ला ८,११०. दर हंगामाला यात दोन-चार ओळी वाढतात, जुन्या ओळी पुसल्या जात नाहीत.

तिसरा गठ्ठा पूर्ण पावतीचा. यात रुपये-पैसे सगळं आहे, पण प्रत्येक केसवर तिची स्वतःची तारीख आहे. उदाहरणार्थ, तारीख डिसेंबर २०२५ मधली, लांब धागा, ओलावा १० टक्के, वजन २४ क्विंटल ६० किलो. कपात २ टक्के, दर ७,९४७.८०, रक्कम १,९५,५१५.८८. पुढच्या वर्षी भाव कितीही वाढो, ही केस हिरवीच राहिली पाहिजे, कारण त्या तारखेला तोच भाव होता. जुनी पावती आज पुन्हा काढली तर तीच रक्कम यायला हवी, ही खात्रीही यातूनच मिळते. पूर्वी आम्ही जुना भाव पुसून नवा लिहायचो, त्यामुळे मागच्या वर्षीची पावती पुन्हा छापली की नव्या भावाने यायची. हे दुखणं तर टेस्टने कधी दाखवलंच नव्हतं.

तिन्ही गठ्ठे साध्या सीएसव्ही फाईलमध्ये (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली मजकूर फाईल) आहेत. जेयुनिट ५ मध्ये, म्हणजे जावाच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनात, पॅरामीटर घेणारी टेस्ट लिहिता येते. तिला फाईल दाखवली की ती प्रत्येक ओळ वेगळी केस म्हणून चालवते. टेस्टचा कोड तीन पानांचाही नाही, आणि केस वाढवायची तर कोडला हात लागत नाही. तीच फाईल आम्ही मोबाईल ॲपला उत्तर देणाऱ्या सेवेच्या टेस्टलाही वापरतो. ड्रूल्सच्या सोबत येणाऱ्या टेस्ट सिनॅरिओत किंवा आयबीएमच्या ओडीएम या नियमांच्या सॉफ्टवेअरमधल्या एक्सेलच्या सिनॅरिओ फाईलमध्येही हेच करता येतं, तिथेही दिलेली माहिती आणि अपेक्षित उत्तर असे रकाने असतात. साधन कुठलंही घ्या, गठ्ठे मात्र वेगळे ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: अपेक्षित उत्तर कोण भरणार? प्रोग्रामरने भरू नये. सॉफ्टवेअरने तर अजिबात नाही. टेस्टमध्ये नियमाचंच सूत्र पुन्हा लिहून उत्तर काढणं हाही तोच गुन्हा आहे, कारण सूत्र चुकलं तर दोन्हीकडे सारखंच चुकेल. आमच्याकडे हे काम कापसाची प्रत तपासणाऱ्या एका निवृत्त ग्रेडरकडे दिलं. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आयुष्य कापसाच्या गंजीत गेलेला माणूस.

पहिल्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन गेलो तर आप्पा म्हणाले, “ते ठेव बाजूला, चल आधी गाडीवर.” गाडीवर चढून त्यांनी मीटरची सळई कापसात खुपसली. वरच्या थरात ११.८. मग कोपरापर्यंत हात घालून मधल्या थरात लावली, १२.१. खाली पाट्याजवळ १२.२. खालचा कापूस मुठीत दाबून माझ्यापुढे धरला. तो सुटून फुगत नव्हता, हाताला गार लागत होता. “आता सांग, तुझं मशीन काय म्हणतं?”

मी तिन्ही आकडे टाकले. पडद्यावर सरासरी आली १२.० आणि खाली लाल अक्षरात ‘माल घेता येणार नाही’. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. “बारा लिहितंय आणि नाही म्हणतंय. शेतकरी कशावर विश्वास ठेवेल?”

झालं असं होतं की खरी सरासरी १२.०३३३ होती. पडद्यावर एक दशांश दाखवताना ती १२.० झाली, पण नियमाला मिळाली १२.०३३३. आधीच्या एकाही टेस्टमध्ये हे नव्हतं, कारण आम्ही नेहमी एकच गोल आकडा टाकून बघायचो. सरासरी आधी एका दशांशावर आणायची की नाही हा प्रश्न प्रोग्रामरने सोडवायचा नाही, तो कंपनीच्या खरेदी समितीने सोडवला: पडद्यावर दिसतो तोच आकडा नियमाला द्यायचा. ती केस तीन मोजमापांसकट आता पहिल्या गठ्ठ्यात आहे.

तसाच दुसरा प्रश्न साडेआठ टक्क्यांचा. कपात अर्धा टक्का की पूर्ण एक? आमच्या हिशेबात ती प्रमाणात धरायचं ठरलं, म्हणजे अर्धा टक्का. मग पैशांचा घोळ निघाला. ७,५२१ चा अर्धा टक्का वजा केला की ७,४८३.३९५. दर आधी पैशांवर आणला तर ७,४८३.४० आणि २४.६० क्विंटलचे १,८४,०९१.६४ होतात. शेवटीच एकदा पैशांवर आणलं तर १,८४,०९१.५२. बारा पैशांचा फरक, पण आप्पांचं कॅल्क्युलेटर आणि आमचं सॉफ्टवेअर यांच्यात रोज बारा पैशांचं भांडण असलं तर कुणी एकावरही विश्वास ठेवत नाही. आता नियमाच्या वर्णनातच लिहिलंय: दर आधी पैशांवर आणायचा.

फाईलमध्ये एक रकाना ‘का’ असा ठेवा. १२.० च्या ओळीपुढे ‘वरची हद्द, १२ धरून’ एवढे शब्द पुरतात. शेजारी कोणी तपासलं आणि कधी. दोन वर्षांनी नवा मुलगा ती केस बघून ‘ही उडवू का?’ विचारतो तेव्हा हे चार शब्द कामाला येतात.

आता जे बारीक त्रास पुन्हा पुन्हा येतात ते.

टेस्ट तुमच्या लॅपटॉपवर हिरवी आणि सर्व्हरवर लाल असेल तर आधी घड्याळ बघा. आमचा नियम ‘आजची तारीख’ स्वतः मशीनला विचारायचा. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. १ ऑक्टोबरला पहाटे पाचला एक काका ॲप उघडून बसले होते, त्यांचा लगेच फोन: “भाऊ, हाई मशीन मागला सालना भाव सांगी राहिनं.” खरंच होतं, सर्व्हरच्या लेखी अजून ३० सप्टेंबरच चालू होता. नियमाने मशीनला तारीख विचारायचीच नाही. तारीख ही ओलावा आणि वजनासारखीच बाहेरून दिलेली माहिती असली पाहिजे, आणि ती भारतीय वेळेने काढलेली. मग टेस्टमध्ये हवी ती तारीख देता येते. वेळेवर चालणारे नियम असतील तर ड्रूल्समध्ये टेस्टपुरतं खोटं घड्याळ लावायची सोय आहे, ती वापरा.

एकटी चालवली की हिरवी, सगळ्यांसोबत चालवली की लाल, अशी टेस्ट दिसली तर नियम चालवणारं सेशन दोन केसमध्ये तेच वापरलं जातंय. आधीच्या केसचा कापूस तिथेच पडून राहतो आणि नियम त्याच्यावरही लागतात. प्रत्येक केसला नवं सेशन, काम झालं की ते मिटवायचं. थोडा वेळ जास्त लागतो, लागू द्या. नियम संकलित करण्याचं जड काम मात्र एकदाच करून ठेवता येतं.

रक्कम बरोबर दिसतेय तरी टेस्ट लाल, म्हणते ‘७७८५.६० हवे होते, ७७८५.६ मिळाले’. जावाच्या बिगडेसिमलमध्ये (दशांश आकडे अचूक ठेवणारा प्रकार) तुलनेसाठी इक्वल्स वापरलं तर दशांशापुढची शून्यंही मोजली जातात. तिथे कंपेअर-टू वापरा. आणि पैशांसाठी डबल (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) वापरत असाल तर ते आजच बंद करा.

एक्सेलमध्ये ओलाव्याचा पट्टा ‘८-९’ लिहिला की एक्सेल त्याचं ८ सप्टेंबर करतं. आमच्या तक्त्यात हे दोनदा झालं. तेव्हापासून ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने आहेत आणि डोक्यावर लिहिलंय की कुठलं टोक धरायचं. डीएमएन (निर्णय-तक्ते लिहायची प्रमाणित पद्धत) वापरणाऱ्यांना इथे सुख आहे, तिथे चौकोनी कंस म्हणजे टोक धरून आणि गोल कंस म्हणजे टोक सोडून. तरीही टोकाची केस हवीच.

आप्पांच्या मोबाईलवरून आलेल्या फाईलमध्ये आकडे मराठीत असतात. जावाचं पूर्णांक वाचणारं फंक्शन मराठी ‘१२’ सुखाने वाचतं, पण डबल वाचणारं तिथेच अडतं, त्यामुळे एक रकाना चालतो आणि शेजारचा आपटतो. फाईल वाचतानाच सगळे आकडे एका रूपात आणा. एक्सेलने यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये जतन केलेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह येतं, पहिला रकाना ‘सापडत नाही’ म्हणाला तर तेच असतं.

डीएमएनच्या तक्त्यात ‘फर्स्ट’ हे धोरण ठेवलं असेल तर दोन ओळी एकमेकींवर चढल्या तरी पहिली जिंकते आणि कुणाला पत्ता लागत नाही. शक्य तिथे ‘युनिक’ ठेवा. मग एका केसला दोन ओळी लागू पडल्या की चूक लगेच वर येते.

उत्तर बरोबर आलं तरी कुठल्या नियमाने आलं हेही बघा. ड्रूल्समध्ये नियम लागला की कळवणारा लिसनर जोडता येतो. आम्ही लागलेल्या नियमांची नावं प्रत्येक केससोबत लिहून घेतो आणि शेवटी यादी काढतो की एकाही केसमध्ये न लागलेला नियम कुठला. पहिल्यांदा ही यादी काढली तेव्हा मध्यम धाग्याच्या तीन ओळी एकदाही लागल्या नव्हत्या. आमच्याकडचा बहुतेक कापूस लांब धाग्याचा, त्यामुळे केस लिहिताना मध्यम कुणाच्या डोक्यातच आला नाही.

आणि टेस्ट खरंच राखण करते का हे बघायचं असेल तर नियम मुद्दाम मोडून बघा. १२ चं ११ करा, ‘किंवा कमी’ काढून टाका, १ टक्क्याचा २ टक्के करा. प्रत्येक मोडीला कुठली तरी ओळ लाल झालीच पाहिजे. जी मोड हिरवी राहिली तिथे केस कमी आहे. हे काम अर्ध्या दिवसाचं, पण जी केस सुचली नव्हती ती यात सुचते.

यंदा एका केळीच्या कामाला हीच मांडणी उचलली. रावेर-यावल पट्ट्यात केळीचा भाव रोज निघतो, नवती, पिलबाग, वापसी असे प्रकार आणि भावावर फरक वेगळा. रोज बदलणाऱ्या भावाला जुन्या पद्धतीने टेस्ट लिहिल्या असत्या तर रोज सकाळी त्या लाल झाल्या असत्या. इथे नियमाचा गठ्ठा महिनोन्‌महिने हलत नाही, दराच्या फाईलमध्ये रोज ओळ पडते आणि पावतीच्या केस त्या त्या दिवसाच्या भावाशी बांधलेल्या राहतात. कापसाचा फाईल वाचणारा कोड जसाच्या तसा चालला, रकान्यांची नावं तेवढी बदलली.

जुनी केस कधी बदलायची, हा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला. नियमच बदलला असेल, तर जुनी केस बदलायची नाही. तिच्यावर ‘या तारखेपर्यंत’ लिहायचं आणि नवी केस ‘या तारखेपासून’ म्हणून शेजारी घालायची. केस मुळातच चुकीची भरली गेली असेल तरच ती दुरुस्त करायची, आणि तेव्हा ‘का’च्या रकान्यात कारण लिहायचं, आप्पांची सही घ्यायची. लाल टेस्ट हिरवी करण्यासाठी सॉफ्टवेअरचं उत्तर चिकटवायची परवानगी आमच्याकडे आता कुणालाच नाही, मलाही नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आप्पा येतात. मी दराच्या फाईलमध्ये नव्या हंगामाच्या ओळी घालतो, ते कागदावर पाच पावत्या हाताने काढतात, आणि मग आम्ही दोघं मिळून टेस्ट चालवतो. गेल्या वेळी नियमाच्या गठ्ठ्यातली एकही ओळ लाल झाली नाही. पावतीच्या गठ्ठ्यात एक झाली. आप्पांनी कागद पुन्हा तपासला, मी तक्ता पुन्हा तपासला. चूक माझ्या तक्त्यात निघाली: मध्यम धाग्याच्या ओळीत ७,७१० ऐवजी ७,१७० पडलं होतं, आणि दराची केस भरताना मी तोच आकडा तिथूनच उचलला होता. त्या दिवसापासून दराच्या ओळीही आप्पाच भरतात.